पत्रकारितेच्या पदवीसाठी कर्ज किती काढावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशांचा हंगाम आला की फर्ग्युसन रस्त्यापासून लवळ्यापर्यंत पत्रकारितेच्या अभ्यासक्रमांची चौकशी सुरू होते. स्टुडिओ आहे का, कॅमेरे कोणते, प्लेसमेंट किती, हे सारे विचारले जाते. कर्जाचा पहिला हप्ता कोणत्या महिन्यात पडेल, तो किती रुपयांचा असेल आणि त्या महिन्यात मुलाच्या किंवा मुलीच्या हातात किती पगार असेल, हे आकडे एका कागदावर मांडून पाहणारे पालक मात्र थोडे. अभियांत्रिकीच्या कर्जांची सवय झालेल्या घरांत तर ‘नोकरी लागली की फेडेल’ एवढ्यावर विषय मिटतो. पत्रकारितेत नोकरी लागते हो, पण पहिली पाच वर्षे पगार किती असतो ते आधी बघायला हवे. म्हणून हे पत्र आकड्यांनीच भरले आहे. कंटाळा येईल, पण इलाज नाही.

समजा, खासगी संस्थेतली दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे आणि शुल्क, वसतिगृह, लॅपटॉप धरून ८ लाखांचे कर्ज साडेदहा टक्के दराने मंजूर झाले. बँक ही रक्कम एकदम देत नाही. दर सत्राला २ लाख, असे चार वेळा पैसे सुटतात. बहुतेक सरकारी बँका भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेप्रमाणे चालतात. त्यात अभ्यासक्रमाचा काळ आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसतो. या ‘हप्ता नाही’चा अर्थ ‘व्याज नाही’ असा घेतला जातो आणि पहिली चूक तिथेच होते. व्याज पैसे सुटल्याच्या दिवसापासून चढत असते. पहिल्या २ लाखांवर तीन वर्षे, दुसऱ्यावर अडीच, तिसऱ्यावर दोन आणि चौथ्यावर दीड वर्ष. सरळव्याजाने हा आकडा १ लाख ८९ हजार होतो, आणि हप्ता सुरू होण्याच्या दिवशी तो मुद्दलात मिळवला जातो. म्हणजे काढले ८ लाख, फेडायला सुरुवात ९ लाख ८९ हजारांपासून.

दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता १३,३४५ रुपये, एकूण परतफेड सुमारे १६ लाख. पंधरा वर्षे घेतली तर हप्ता १०,९३२ वर येतो आणि एकूण आकडा जातो १९ लाख ६८ हजारांवर. बँकेतला माणूस दुसरा पर्याय आनंदाने सुचवतो, कारण हप्ता हलका दिसतो.

शिक्षण चालू असताना घरच्यांनी फक्त व्याज भरत राहिले तर चित्र बरेच बदलते. पहिल्या सत्रात ते महिना १,७५० रुपये असते, चारही वेळचे पैसे सुटल्यावर ७,००० रुपये. एवढे जमले तर हप्ता मूळ ८ लाखांवर बसतो, दहा वर्षांच्या मुदतीला १०,७९५ रुपये. आधी भरलेले १ लाख ८९ हजार पुढे ३ लाखांहून अधिक वाचवतात. शिवाय असे व्याज नियमित भरणाऱ्याला दरात एक टक्का सवलत देण्याची तरतूद या योजनेत आहे. ती आपोआप मिळेल असे धरू नये. मंजुरीपत्रात लिहून आली आहे का, ते सही करण्याआधी पाहावे.

आता पगाराकडे. नेमणूकपत्रात ‘वार्षिक ३ लाख ६० हजार’ लिहिले असेल तर घरी सगळे महिना ३० हजार समजतात. ही रक्कम सीटीसी असते, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च. मूळ वेतन १५ हजार धरले तर त्यातून मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी १,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२१ रुपये आधीच बाजूला होतात. उरलेल्या २७,४७९ मधून कर्मचाऱ्याच्या वाट्याचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० गेले की हातात २५,४७९. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो, म्हणून शंभर रुपये आणखी कमी. गटविम्याचा हप्ता कापत असतील तर त्याहून कमी. भविष्यनिर्वाह निधी पुढे आपलाच आहे हे खरे, पण बँकेचा हप्ता त्यातून जात नाही.

या २५,४७९ मधून १३,३४५ चा हप्ता गेला की १२,१३४ उरतात. पेठांत किंवा कर्वेनगरला कॉट बेसिसवर जागेचे ६ हजार धरा, दोन वेळच्या मेसचे ४ हजार. बातमीदाराची दुचाकी शिवाजीनगर न्यायालय, महापालिका, ससून आणि एखादे दिवशी पिंपरी करत दिवसाला लिटरभर पेट्रोल सहज पिते, म्हणजे सुट्ट्या सोडून २,७०० च्या आसपास. बेरीज १२,७००. मोबाइलचे रिचार्ज, चहा, गावाकडचे एसटीचे तिकीट यांच्या आधीच खाते वजा झाले. पंधरा वर्षांच्या मुदतीने १,८४७ रुपये उरतात, एवढाच फरक. पुण्यातच घर असलेल्याची गोष्ट वेगळी, त्याचे १० हजार वाचतात. म्हणून एकच कर्ज कोथरूडच्या मुलाला पेलते आणि बीडहून किंवा उदगीरहून आलेल्या मुलाला पेलत नाही. कर्ज देताना बँक हा फरक पाहत नाही.

पगार वाढतो, असा आक्षेप येईल. वाढतो. दरवर्षी ८ टक्के वाढ धरली तर तीन वर्षांनी हातात ३२ हजार येतील. पण ती पहिली तीन वर्षे काढायची कशी, हा प्रश्न राहतोच. नेमक्या त्याच काळात अनेकजण बातमीदारी सोडून जनसंपर्क किंवा डिजिटल मार्केटिंगकडे वळतात. तिकडे वळण्यात काहीच वावगे नाही, पण त्या कामासाठी पत्रकारितेची ८ लाखांची पदवी लागत नव्हती.

नोकरीचा प्रकारही विचारून घ्यायला हवा. कायम किंवा मुदतीच्या करारावर नेमणूक असेल तर भविष्यनिर्वाह निधी, पगारचिठ्ठी वगैरे असते. श्रमिक पत्रकाराला ग्रॅच्युइटीसाठी इतरांसारखी पाच वर्षे थांबावे लागत नाही, तीन वर्षे पुरतात, हेही अनेकांना ठाऊक नसते. ‘रिटेनर’ म्हणून, म्हणजे पगाराऐवजी ठरावीक मानधनावर, घेतले तर मात्र महिना २० हजार ठरले तरी वर्षाची रक्कम ५० हजारांच्या वर जात असल्याने दहा टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापून १८ हजारच खात्यात येतात. उरलेले परत मिळवायला विवरणपत्र भरावे लागते, आणि हप्त्याची तारीख परताव्यासाठी थांबत नाही. स्ट्रिंगरचे, म्हणजे पगारावर नसलेल्या बातमीदाराचे, तर विचारूच नका. बातमीमागे किंवा ओळीमागे पैसे, तेही दोन-तीन महिन्यांनी. पत्रकारांच्या वेतनश्रेणी ठरवणाऱ्या मजिठिया आयोगाची अधिसूचना २०११ ची, सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली २०१४ मध्ये. अंमलबजावणीसाठी पुन्हा अवमान याचिका कराव्या लागल्या आणि त्यांचा निकाल २०१७ चा. कागदावरच्या वेतनश्रेणीवर विसंबून कर्ज काढू नये, हे सांगायला एवढा इतिहास पुरे.

मग किती कर्ज काढावे? हिशेब उलट्या बाजूने करावा. हातात २५ हजार येतील असे धरले आणि पाचवा हिस्सा, म्हणजे ५ हजार, हप्त्याला काढला. मुदत सात वर्षांची. साडेदहा टक्क्यांनी लाखामागे हप्ता १,६८६ रुपये पडतो, म्हणजे ५ हजारांत २ लाख ९६ हजारांचे कर्ज फिटते. पण हा आकडा व्याज मिळवल्यानंतरचा. शिक्षणकाळातले आणि पुढच्या वर्षाचे व्याज मागे काढले की प्रत्यक्ष घ्यायची रक्कम उरते सुमारे २ लाख ४० हजार. लाखामागचे बाकीचे हप्तेही लिहून ठेवण्यासारखे आहेत: पाच वर्षांना २,१४९, दहाला १,३४९ आणि पंधराला १,१०५. एवढे चार आकडे खिशात असले की कोणत्याही माहितीपत्रकाचा हिशेब चहा संपेपर्यंत होतो.

हा पाचवा हिस्सा कुठून आला, असे कोणी विचारेल. अमेरिकेत सरकारी कर्जावर शिकवल्या जाणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी याहून कडक निकष लावला गेला. ‘गेनफुल एम्प्लॉयमेंट’ नावाच्या त्या नियमाचा एक भाग असा की, पदवीधराचे वर्षाचे हप्ते त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या ८ टक्क्यांच्या आत असावेत आणि पदव्युत्तर पदवीसाठी परतफेड पंधरा वर्षांची धरावी. नियम २०१४ मध्ये आला, २०१९ मध्ये रद्द झाला, २०२३ मध्ये पुन्हा आला. तिकडच्या राजकारणाशी आपल्याला कर्तव्य नाही, पण तो निकष आपल्या ३ लाख ६० हजारांना लावला तर महिना २,४०० रुपये हप्ता आणि साधारण २ लाख १७ हजारांचे मुद्दल निघते. दोन वेगळ्या वाटांनी उत्तर जवळपास एकच येते: सव्वादोन लाखांच्या आगेमागे. तिथल्या शिक्षण खात्याच्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या संकेतस्थळावर विद्यापीठ आणि विषय निवडला की पदवीधरांची मध्यक (म्हणजे रांगेत मधोमध येणारी) कमाई आणि मध्यक कर्ज शेजारी-शेजारी दिसते. पत्रकारितेसाठी परदेशी जायचे बेत असणाऱ्यांनी शिक्षणसंस्थेच्या प्रतिनिधीला भेटण्याआधी ते पान उघडावे. त्यात सरकारी मदत घेतलेल्या तिथल्या विद्यार्थ्यांचीच कमाई धरलेली असते, व्हिसावर गेलेल्यांची नाही, हे मात्र ध्यानात ठेवून.

आपल्याकडे असे पान नाही. माहितीपत्रक असते, आणि त्यात सर्वांत मोठ्या अक्षरांत असते ‘सर्वोच्च पॅकेज’. त्याखाली सरासरी. समजा दहा जणांपैकी आठ जणांना २ लाख ८० हजार, एकाला ६ लाख आणि एकाला १४ लाख मिळाले. सरासरी निघते ४ लाख २४ हजार. एवढा पगार त्या वर्गात कोणालाच मिळालेला नाही. मधोमध उभ्या माणसाचा पगार, म्हणजे मध्यक, २ लाख ८० हजारच आहे. म्हणून मध्यक विचारावा. पाठोपाठ विचारावे की वर्गात किती जण होते आणि प्लेसमेंटसाठी नाव किती जणांनी नोंदवले. ‘शंभर टक्के’ हा आकडा बहुधा नोंदवलेल्यांचा असतो. १४ लाखांची ती नोकरी वृत्तपत्रातली होती की कॉर्पोरेट जनसंपर्कातली, हेही. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना आपली माहिती संकेतस्थळावर ठेवावी लागते आणि तीत नोकरी लागलेल्यांची संख्या व मध्यक वेतन असते. ते कागद जरूर पाहावेत. मात्र तिथे विभागणी विषयाची नसून अभ्यासक्रम किती वर्षांचा आहे याची असते. मोठ्या विद्यापीठात पत्रकारितेचे पदवीधर व्यवस्थापनाच्या पदवीधरांसोबत एकाच ओळीत बसतात आणि आकडा फुगतो.

पत्रकार व्हायला परवाना लागत नाही, हा मुद्दा या सगळ्याच्या मुळाशी आहे. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी. मराठी दैनिकाच्या डेस्कवर घेताना वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी भाषांतराला देतात, शुद्धलेखन पाहतात, मथळा करून मागतात, युनिकोडमध्ये हात किती चालतो ते बघतात, हल्ली पान लावता येते का आणि मोबाइलवर चित्रफीत कापता येते का तेही. हे शिकायला चांगला विभाग उपयोगी पडतो, नाही असे नाही. पदवीचा कागदच जिथे लागतो अशा जागा मोजक्या: माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातील अधिकारीपदे, आणि अध्यापन, जिथे सहायक प्राध्यापक व्हायला पदव्युत्तर पदवी लागते. अध्यापनात सुरुवात घड्याळी तासिकेवर होते, त्या मानधनावर हप्त्याचा विचारही करू नये.

म्हणून कमी खर्चाच्या वाटा आधी तपासाव्यात. पुणे विद्यापीठाचा १९६४ पासूनचा पत्रकारिता विभाग, ज्याला सारे रानडे इन्स्टिट्यूट म्हणूनच ओळखतात, प्रवेश परीक्षेने भरतो. इग्नू या मुक्त विद्यापीठाची पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका नोकरी करता करता होते. मराठी पत्रकारितेसाठी अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र आहे. अशा ठिकाणी शिकताना २ लाखांचे कर्ज, वर्षाला १ लाख असे दोन वेळा घेतले तर व्याजासह २ लाख ५२ हजार ५०० होतात आणि पाच वर्षांचा हप्ता ५,४२७ पडतो. आणखी एक खर्च कोणी धरत नाही. पदवीनंतर थेट प्रशिक्षणार्थी म्हणून लागलेला मुलगा १५ हजारांवर असला तरी दोन वर्षांत ३ लाख ६० हजार कमावतो आणि दोन वर्षांचा अनुभव गाठीला बांधतो. पूर्णवेळ पदवीने याहून अधिक काय दिले, हा प्रश्न प्रत्येक संस्थेला तोंडावर विचारण्यासारखा आहे.

सरकारी योजनांबद्दल थोडे. ४ लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, त्यापुढे ७.५ लाखांपर्यंत जामीनदार आणि त्याहून वर तारण, अशी आदर्श योजनेची सर्वसाधारण रचना आहे. ४ लाखांवर ५ टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत यादीतील दर्जेदार संस्थांसाठी तारण किंवा जामीनदार लागत नाही, आणि कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत ३ टक्के व्याजसवलत आहे. सवलत मिळणाऱ्यांची संख्या दरवर्षी मर्यादित आहे. वरच्या ८ लाखांच्या उदाहरणात ही सवलत ५४ हजारांची भरते. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर योजना लागू होत नाही आणि संस्था यादीत नसेल तर प्रश्नच मिटला, तेव्हा यादी प्रवेश शुल्क भरण्याआधी पाहावी. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना या काळातले पूर्ण व्याज माफ होऊ शकते, पण ते तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांना. आपला अभ्यासक्रम त्यात धरला जातो का, हे शाखेतून लेखी घ्यावे. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता नसलेल्या ‘मीडिया अकादमी’ची प्रमाणपत्रे या चौकटीत बसत नाहीत. मग वैयक्तिक कर्ज गळ्यात पडते, चढ्या दराने आणि दुसऱ्या महिन्यापासून हप्ता सुरू.

आयकरातील सवलतीचे गाजर तर पत्रकारितेच्या बाबतीत निव्वळ शोभेचे आहे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते खरी, पण जुन्या करप्रणालीत. ३ लाख ६० हजार पगारावर कोणत्याच प्रणालीत कर लागत नाही, मग वजावट कशातून घेणार? आई किंवा वडील सहकर्जदार असतील, व्याज स्वतः भरत असतील आणि जुन्या प्रणालीत कर देत असतील, तर त्यांना तिचा उपयोग.

हप्ते थकले की काय होते तेही पालकांनी समजून घ्यावे. नव्वद दिवस उलटले की खाते अनुत्पादक, म्हणजे बुडीत धरण्याजोगे, ठरते आणि सिबिलवरचा (कर्जफेडीच्या नोंदीवरचा) डाग विद्यार्थ्यासोबत सहकर्जदारावरही बसतो. दोन वर्षांनी वडिलांना घराच्या दुरुस्तीसाठी किंवा ट्रॅक्टरसाठी कर्ज नाकारले जाते तेव्हा त्याचे मूळ इथे सापडते. अडचण दिसू लागताच, पहिला हप्ता चुकण्याआधी, शाखेत अर्ज देऊन मुदत वाढवून मागावी. थकल्यानंतर मागितलेल्या मुदतवाढीची नोंद वेगळी होते. हातात चार पैसे जास्त आले तर मुद्दलात भरावेत, व्यक्तीने बदलत्या दराने घेतलेल्या अशा कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. आणि २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आणला. कर्ज रेपोशी जोडलेले असेल तर आपला दरही उतरायला हवा होता. उतरला का, हे खातेउताऱ्यात पाहिले नाही तर कोणी आपणहून सांगायला येत नाही.

विद्यापीठाकडून आणि खासगी संस्थांकडून अपेक्षा एवढीच की माहितीपत्रकात पत्रकारिता विभागापुरते चार आकडे छापावेत: प्रवेश घेतलेले, नोकरी लागलेले, त्यांतले वृत्तमाध्यमांत गेलेले आणि त्यांचा मध्यक पगार. ते येईपर्यंत गांजवे चौकातल्या पत्रकार भवनात एखादी संध्याकाळ घालवून चार-पाच तरुण बातमीदारांना पगार विचारावा. बहुतेकजण खरे सांगतात.

एक विनंती आपल्यालाही. आपल्या दैनिकात प्रशिक्षणार्थी उपसंपादकाच्या खात्यात पहिल्या महिन्यात किती रुपये जमा होतात, तो आकडा या पत्राखाली छापता आला तर पाहावे.

आपले,
काही वाचक, कर्वेनगर, पुणे